तेहतीस इंची खाज

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं मागच्या सीटखाली लेकीची पाण्याची बाटली गडगडली. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून गाडी मागं घेत होतो, स्टिअरिंग डावीकडं पूर्ण कापलेलं, आणि खालून खर्रर्र. पुढं घेतली, थांबला. परत मागं घेतली, परत खर्रर्र. उतरून वाकून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या मागं, जिथं केबिन चॅसीवर बसवलेली असते तिथल्या लोखंडी ब्रॅकेटचा रंग खरवडून निघालेला आणि नव्याकोऱ्या टायरच्या खांद्यावर एक गुळगुळीत चकचकीत पट्टा. टायर चार दिवसांपूर्वी टाकलेली. पाच टायरचे दीड हजार डॉलर मोजलेले. बायको आतूनच म्हणाली, काय झालं, तर म्हणलं काही नाही, दगड असेल. लग्नाला बारा वर्षं झाली, तिला कळतं.

आधी हे सांगतो की मी पिकअप का घेतली, कारण हा प्रश्न मला डेन्व्हरमधल्या जवळपास प्रत्येक मराठी माणसानं विचारून झालाय. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर सगळ्यांच्या मिनिव्हॅन नाहीतर एसयूव्ही, मधेच माझी 2019 ची टोयोटा टाकोमा, आणि कोणीतरी हमखास म्हणणार, काय मग, मार्केट यार्डाला कांदा न्यायचाय का. आपल्याकडं पिकअप म्हणजे भाजी, सिमेंटची पोती, लग्नाच्या जेवणाची भांडी, फार तर विसर्जनाची मिरवणूक. इथं पिकअप म्हणजे माणूस स्वतःला काय समजतो ते. मी स्वतःला डोंगरात जाणारा माणूस समजत होतो. जातोही, वर्षातनं आठ-दहा वेळा. बाकीचे साडेतीनशे दिवस ऑफिस, लेकीची शाळा आणि वर सांगितलेलं किराणा दुकान.

गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत पुढनं 3 इंच उचलून घेतली, मागं पाट्यांमधे भर घातली, याला इथं लिफ्ट म्हणतात. एवढंच करायचं असं ठरलेलं. पण उचललेल्या गाडीला जुनीच टायर ठेवली की ती धोतर वर खोचून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी दिसते, बारीक पाय आणि वर सगळी पोकळी. रोज सकाळी गॅरेज उघडलं की ते दिसायचं. खाज तिथनं सुरू झाली आणि मग मी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून टायरच्या साईज बघत बसायला लागलो, बायकोला वाटायचं ऑफिसचं काम आहे.

टायरवरचा आकडा ही एक अजब खिचडी आहे. माझ्या गाडीला कंपनीकडनं 265/70आर16 होती. यातले 265 मिलिमीटर, म्हणजे टायरची रुंदी. 70 हे टक्के, कशाचे तर त्या रुंदीचे, म्हणजे टायरची भिंत 265 च्या 70 टक्के उंच. आणि 16 हे इंच, रिमचा व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, आणि सगळं जग हे निमूट वापरतं. हिशोब केला की भिंत एकशे साडेपंच्याऐंशी मिलिमीटर, ती वर एक आणि खाली एक, त्यात रिमचे 406, म्हणजे पूर्ण टायर 777 मिलिमीटर, 30.6 इंच. आणि मला पाहिजे होती 285/70आर17, तिचा व्यास भरतो 831 मिलिमीटर, 32.7 इंच, म्हणजे बोलीभाषेत तेहतीस. टाकोमावाल्यांमधे तेहतीसला जो मान आहे तो आपल्याकडं पूर्वी बुलेटला होता. कोणी विचारत नाही का घेतली, विचारतात कशी बसवली.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना साईज निवडायची असते हेच नवीन. बाबा एसटीत होते, सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत टायर सेक्शनला सत्तावीस वर्षं. त्यांच्याकडं साईज एकच, नऊशे-वीस. त्यांचं सगळं डोकं जायचं ते जोडी लावण्यात, कारण बसच्या मागच्या एक्सलला दोन-दोन टायर चिकटून असतात आणि त्यातलं एक जरा मोठं निघालं की सगळा भार तेच उचलतं, लहानगं नुसतं सोबत फिरतं, मग मोठं तापतं आणि एक दिवस घाटात फुटतं. म्हणून बाबा टायरभोवती टेप लावून घेर मोजायचे आणि खडूनं टायरवर आकडा लिहायचे. मी शाळेत असताना त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा, मास्तरांसारखा. ते फोनवर म्हणाले, "कंपनीनं एवढा विचार करून टायर दिलंय ते काढून दुसरं कशाला घालतोय? आणि आरटीओ?" म्हणलं बाबा, इथं चालतं. ते त्यांना पटलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं, आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 मधे सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं बनवलीय त्यात मन मानेल तसे बदल करता येणार नाहीत.

आता माझी पहिली चूक. मी आधी रिम घेतल्या. टायर नंतर, लिफ्ट तर सगळ्यात आधी, म्हणजे बरोब्बर उलटा क्रम. खरं तर आधी ठरवायचं की जायचं कुठं, त्यावरनं टायरची उंची, त्या टायरला लागेल तेवढी रिम, आणि त्यातनं लिफ्ट लागलीच तर लिफ्ट. मी एका फोटोतली रिम बघितली, ब्राँझ रंगाची, आणि ऑर्डर केली. 17 इंची, साडेआठ इंच रुंद, ऑफसेट उणे 12.

ऑफसेट म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, मी शून्याच्या खाली आकडा म्हणजे चाक बाहेर आणि बाहेर म्हणजे भारी, एवढंच धरून चाललो. रिम आडवी ठेवून वरनं बघा. तिच्या रुंदीचा बरोब्बर मध्य म्हणजे शून्य. एक्सलच्या टोकाला टेकून आवळला जातो तो पृष्ठभाग मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक ऑफसेट, चाक आत बसतं. तो आतल्या बाजूला असेल तर उणे, चाक बाहेर येतं. कंपनीच्या रिम अधिकच्या असतात. मी उण्यात गेलो म्हणजे चाक बाहेर आलं, गाडी रुंद दिसायला लागली, छाती काढून उभी राहिल्यासारखी. पण स्टिअरिंग कापल्यावर चाक ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू काही बाहेर आला नाही, तो आहे तिथंच. खिळ्याला दोरी बांधून पेन्सिलीनं गोल काढताना दोरी लांबवली की गोल मोठा होतो ना, तसंच हे. डावीकडं कापलं की डावं चाक आता जास्त मोठ्या कमानीत मागं सरकतं, आणि मागं बसलंय ते केबिनचं ब्रॅकेट. म्हणजे तो खर्रर्र टायरच्या उंचीचा जेवढा होता तेवढाच माझ्या छाती काढण्याच्या हौसेचा.

आणि लिफ्ट? सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं, की गाडी उचलली म्हणजे मोठ्या टायरला जागा झाली. उभी असताना जागा दिसते हे खरंय. पण ब्रॅकेट चाकाच्या मागं आहे, वर नाही, तुम्ही गाडी कितीही उचला, ते अंतर काही वाढत नाही. आणि दगडावरनं जाताना एक चाक पूर्ण वर दाबलं जातं तेव्हा ते शेवटी बंपस्टॉपला, म्हणजे त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला, जाऊन टेकतं, आणि माझ्यासारखा शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर ठेवून केलेला लिफ्ट असेल तर बंपस्टॉप आहे तिथंच राहतो. मग चाक आधी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जाणार, फक्त आता ते दोन इंचांनी मोठं आहे. 3 इंचांच्या वर उचलायचं म्हणलं तर पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे, सीव्ही एक्सलचे, कोन वेडेवाकडे होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, तो वेगळाच खर्च.

अजून एक. लिफ्टनं डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा, इंचभरही वर जात नाही, कारण मागचा एक्सल पाट्यांच्या खाली आहे, तो चाकांच्या मधोमध जिथं असतो तिथंच असतो. तो वर नेतं फक्त टायर. आणि तेही व्यासात जेवढी वाढ तिच्या निम्मं. मी 30.6 वरनं 32.7 वर गेलो, म्हणजे जमिनीवरच्या धोंड्यापासून गोळ्यापर्यंत मला जास्तीची मिळालेली जागा 27 मिलिमीटर. जेमतेम एक इंच. हे गणित मी टायर बसवल्यावर केलं, आधी केलं असतं तर... घेतलीच असती खरं तर, उगाच कशाला खोटं बोलू.

एका गोष्टीत मात्र मी शहाणपणा केला, 20 इंची रिम घेतली नाही. त्या इथं फार दिसतात. तेहतीसचंच टायर 20 च्या रिमवरही मिळतं, 275/60आर20, बाहेरनं उंची जवळपास तीच. पण मेदूवड्याचं भोक मोठं केलं की वडा कमी होतो. 17 वर मला टायरची भिंत मिळते 200 मिलिमीटर, 20 वर मिळाली असती 165. डोंगरात गेल्यावर आपण हवा 35 वरनं 18-20 पर्यंत उतरवतो ना, ती त्या भिंतीसाठी, ती फुगते, टायर दगडाला पंजासारखं धरतं, आणि दणके गाडीच्या आधी तीच खाते. भिंतच बुटकी असेल तर हवा उतरवून दणका थेट रिमला.

रिम घरी आल्या तेव्हा टायरच्या दुकानात एक छोटा तमाशा झाला तो सांगतो. टोयोटाच्या अलॉय रिमचे नट सपाट वायसरचे, खाली दांडा असलेले. बाजारातल्या बहुतेक रिमना लागतात शंकूसारखे निमुळते. जुने नट नव्या रिमला लावून चालत नाही, बसल्यासारखे वाटतात आणि पुढं कुठंतरी ढिले होतात. पोरगं चारही टायर रिमवर चढवून, बॅलन्स करून, गाडी जॅकवर घेऊन मग म्हणालं, नट कुठायत? नट नव्हते. 24 नटांसाठी गाडी रात्रभर दुकानात लटकून राहिली, चाकांशिवाय, आणि मी उबर करून घरी आलो. नट मिळाल्यावर 83 फूटपाउंडाला आवळले, शंभर मैलांनी परत तपासले, त्यातले दोन पाव-पाव आटा फिरलेच.

तर ब्रॅकेट. त्याला इथं म्हणतात कॅब माउंट चॉप, म्हणजे ग्राइंडरनं त्या ब्रॅकेटचा पुढचा कोपरा कापायचा, उघड्या तोंडावर पत्रा वेल्ड करायचा आणि गंजू नये म्हणून रंग मारायचा. ज्या माणसानं ते केलं तो दिवसाला अशी दोन-तीन करतो म्हणाला. मी बाजूला उभा होतो. माझ्या गाडीच्या चॅसीतनं ठिणग्या उडत होत्या आणि लोखंडाचा एक तुकडा टणकन् खाली पडला, साधारण सुपारीच्या अडकित्त्याच्या पात्याएवढा. त्यानं तो उचलून मला दिला, आठवण म्हणून. अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट.

आवाज बंद झाला. गाडी दिसायची मात्र अशी की विचारू नका. सिग्नलला शेजारच्या ट्रकमधला माणूस मान हलवायचा, मी पण हलवायचो. ही वट फुकटची नव्हती. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी जुनं चाक आणि नवं चाक आळीपाळीनं कवेत घेऊन उभा राहिलो होतो, फरक निघाला 17 पाउंड. एका चाकाला. आणि हे वजन गाडीत ठेवलेलं नाही, फिरतंय, प्रत्येक सिग्नलला ते फिरवायचं आणि प्रत्येक सिग्नलला थांबवायचं. टायर मोठी झाली म्हणजे एका फेऱ्यात गाडी 7 टक्के जास्त पुढं जाते, म्हणजे एक्सलचा 3.9 चा रेशो, चाकाच्या एका फेऱ्यामागं इंजिनकडनं येणाऱ्या दांड्याचे फेरे, परिणामात उतरतो 3.65 वर, जणू सगळे गिअर जरा वर सरकले. सपाटीला कळत नाही. पण डेन्व्हरहून आय-70 नं वर निघालात की 5,280 फुटांवरनं आयझेनहॉवर बोगद्याला 11,000 च्या वर जायचं असतं, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, तिथवर पोचेपर्यंत समुद्रसपाटीच्या मानानं तिसरा हिस्सा गेलेला. त्यात ही चाकं. गाडी पाचवा टाकायची, काढायची, चौथा, परत पाचवा, दम लागलेल्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तसं.

स्पीडोमीटरही तेवढाच मागं पडतो. काटा 65 वर, फोनवरचं जीपीएस 69. आणि ओडोमीटर कमी मोजतो, त्यामुळं गॅलनला 19 मैलांचा मायलेज 16 दिसायला लागला तेव्हा मी हाय खाल्ली, मग कळलं की त्यातला एक मैल नुसता मोजण्यातला आहे, प्रत्यक्षात 17 च्या आसपास. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुश झाले. "म्हणजे गाडी पळाली त्यापेक्षा कमी पळाल्याचं दाखवते? विकताना बरंय."

डोंगरात फरक पडला का? पडला. सिल्व्हरटनच्या बाजूनं ऑफिर पासला गेलो होतो, 11,789 फूट, माथ्यावरनं पलीकडं उतरताना सगळी फुटक्या दगडांची घसरण, रस्ता एका गाडीपुरता. तिथं 18 पाउंड हवेवर ती टायर काय चालतात, लोण्यासारखी. मी खिडकीतनं कोपर बाहेर काढून बसलेलो. आणि एका वळणावर समोरनं, चढाला, एक जुनी टाकोमा आली, अजिबात न उचललेली, बारकी टायर, आत सत्तरीतलं जोडपं आणि मागच्या सीटवर कुत्रा. चढणाऱ्याचा हक्क पहिला, म्हणून मी मागं घेत एका रुंद जागेला लागलो, स्टिअरिंग पूर्ण कापून. आजोबांनी जाताना माझी गाडी वरनं खालपर्यंत बघितली, अंगठा दाखवला आणि गेले. मी त्यांच्या मागच्या टायरकडं बघत राहिलो. नक्षी अर्धी गेलेली होती.

मग मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. विमानतळावर आई गाडीजवळ उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. लिफ्ट आणि टायर मिळून केबिनचा उंबरा साधारण 4 इंचांनी वर गेलेला, आईचे दोन्ही गुडघे दुखरे, आणि तिनं प्रवासाला म्हणून चांगली साडी नेसलेली. मी म्हणलं वरचं हँडल धर, बाबा म्हणाले मी मागनं आधार देतो, ती म्हणाली, "अहो, लोक बघतायत." शेवटी मी माझी सुटकेस आडवी ठेवली, तिच्यावर पाय देऊन ती चढली. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातनं प्लास्टिकचं स्टूल आणलं. आई त्याला पाट म्हणायची. कुठं निघालो की चाव्या, मोबाईल, पाकीट आणि "पाट घेतलास का?"

बाबा दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गाडीपाशी. कप बॉनेटवर ठेवला, खाली बसले आणि टायरवरनं तळवा फिरवला, बाहेरनं आत. मग आतनं बाहेर. मग परत. माझा हात धरून म्हणाले आता तू फिरव. एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं बोटांना बारीक करवतीसारखी धार. "टो गेलाय. टायर तिरकं ओढलं जातंय." दोन वर्षांपूर्वी लिफ्टनंतर अलाइनमेंट केली होती, नंतर दगडांत आपटून ती परत हलली असणार, मी कधी बघितलीच नव्हती. मग त्यांनी हवा किती ठेवतोस विचारलं. आता दारावरच्या स्टिकरवरचा आकडा जुन्या टायरसाठी आहे, ही जाड भिंतीची एलटी, म्हणजे लाइट ट्रकची टायर, मी अंदाजानं 40 ठेवायचो. बाबांनी लेकीचा रस्त्यावर चित्रं काढायचा जाडा गुलाबी खडू मागितला, टायरवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. आलो तर रेघ मधली पुसलेली, दोन्ही कडांना गुलाबी शिल्लक. हवा जास्त. थोडी उतरवली, परत रेघ, परत चक्कर. चौथ्या फेरीला 35 ला रेघ सगळीकडं सारखी पुसली. लेक मागं फिरत होती, तिला वाटलं हा खेळ आहे, तिनं बाकीच्या चाकांवर फुलं काढली.

नक्षी तशी बरीच शिल्लक होती, पण हिवाळ्याचा विचार केला. आय-70 वर मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंत सप्टेंबर ते मे फोर व्हील ड्राइव्हलाही किमान 3/16 इंच नक्षी लागतेच, आणि आतली कड तेवढी उरलेली नव्हती. नवीन घ्यायचीच होती. मी परत रात्री लॅपटॉप उघडला. या वेळी बाबा शेजारी, चष्मा लावून. तेहतीस परत? की 265/70आर17, त्याच रिमवर, 31.6 इंच? बाबांनी कागद मागवला आणि स्वतः हिशोब घातला. फरक व्यासात 28 मिलिमीटर, गोळ्याखाली 14. स्पीडोमीटरचा फरक 7 वरनं 3 टक्क्यांवर. वजन चाकाला दहा-बारा पाउंडांनी कमी. कागद माझ्याकडं सरकवला आणि काही बोलले नाहीत. आई आतनं म्हणाली, "त्यानं मला पाट लागणार नाही का?" लागणार होता, अर्ध्या इंचानं काय होतंय. पण मी हो म्हणलं.

265 घेतली. गाडी थोडी धोतर खोचल्यासारखी दिसते परत, पूर्ण नाही, गुडघ्यापर्यंत. बोगद्याच्या चढाला पाचवा टिकतो बराच वेळ.

जुनी पाच टायर विकायला काढली, 400 डॉलर. एक पोरगा आला, विशीतला, मळकी टोपी, गाडी माझ्यासारखीच आणि परवाच उचललेली, चाकांवर तीच पोकळी. मी त्याला सगळं सांगितलं, ब्रॅकेट, ऑफसेट, गिअर, नट, टेबलावरचा तो लोखंडाचा तुकडासुद्धा आणून दाखवला. तो मान हलवत होता आणि बघत होता टायरकडं. मला ती नजर ओळखीची. त्यानं पैसे काढले. तेवढ्यात बाबा पायरीवरनं उठून आले, टायरवरनं तळवा फिरवला, बाहेरनं आत, आतनं बाहेर, त्या पोराचा हात धरून त्यालाही फिरवायला लावला आणि मला मराठीत म्हणाले, "याला सांग, आतली धार गेलीय. शंभर कमी घे."